आवाजाची जागा

पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या जत्रेदिवशी पांढुर्ण्यात गुणवंताच्या कानाला जेवढा मान, तेवढा कुणाच्या हाताला नव्हता. जाम नदीच्या पलीकडून सावरगाववाले दगड मारत, अलीकडून पांढुर्णावाले, आणि मधल्या पाण्यात पळसाच्या झाडावर झेंडा. झाड तोडून तो आणायला उतरलेल्याला वर बघायची सोय नसते. गोफणीला बंदी आहे म्हणे, पण ऐकतो कोण? गोफण सुटण्याआधी घुमते. ती घूं ऐकून गुणवंता काठावरून ओरडायचा, "डावा" नाहीतर "उजवा", आणि पाण्यातला माणूस त्या बाजूपासून अंग चोरायचा. बारा वर्षांत तो चुकला नव्हता.

गेल्या वर्षी त्याच्याच डाव्या कानावर दगड बसला. सौंसरच्या डॉक्टरने सांगितलं, हा कान गेला. गुणवंताने घरी सांगितलं, बरा झाला. उजव्या कानाने सगळं ऐकू येतच होतं. पण बायको इंदू स्वयंपाकघरातून हाक मारी आणि हा फाटकाकडे बघे. आवाज आपली जागा सोबत घेऊन येतो, असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं. ती जागा आपले दोन कान मिळून ठरवतात, हे आता कळलं, आणि कळूनही हा शहाणा गप्प बसला. मान सुटत नव्हता, दुसरं काय.

यंदा धाकटा भाऊ अतुल कुऱ्हाड घेऊन उतरला. "दादा, तू हायेस ना? मंग मी चाललो."

पाण्यात डोकी फुटत होती, एकाचे दात पडले, तरी कुणी मागे हटेना. अतुलने झाडावर दोन घाव घातले आणि घूं आली. गुणवंताला ती स्वच्छ ऐकू आली, सगळीच्या सगळी उजवीकडून.

"उजवा!"

अतुल डावीकडे झुकला, थेट दगडाच्या वाटेत. त्याचा डोळा फुटला. गुणवंता पाण्यात धावला, पाठीवर दगड खात त्याने भावाला ओढून काठावर आणलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात अतुलने विचारलं, "तुले आयकू नाही आलं का, दादा?"

"आलं. कुठून आलं ते नाही समजलं. वर्षभरापासून समजून नाही राहिलं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"माह्या जागी दुसऱ्याले उभं केलं असतं."



"मी तुह्या कानाच्या भरोशावर उतरलो होतो," अतुल म्हणाला, आणि पट्टी बांधलेलं तोंड त्याने भिंतीकडे फिरवलं.