तळ्यावरची बदकं

सहलीला निघालो की आमची पाच वर्षांची चिमी माझ्या पोटाला तोंड लावून बाळाला दिसेल ते सांगायची. गेल्या आठवड्यात बाळ पोटातच गेलं. चिमीला ते सांगायला आम्हां दोघांचीही जीभ रेटेना. कबूल केल्याप्रमाणे आज तिला तळ्यावर मात्र आणलं.

“बाळा, बदक बघ! अगदी बाबांसारखं डुलत चालतंय.”

तिचे बाबा खाली वाकून बांधलेलीच बुटाची नाडी पुन्हा बांधू लागले.

“आई, ऐकतंय ना गं ते?”

खोटं बोलायचं नाही, हे देवापुढे घेतलेलं माझं रोजचं व्रत. बारा वर्षांत मोडलं नव्हतं.

“हो राणी,” मी म्हणाले, “ऐकतंय.”

मग घर येईपर्यंत ती त्याला वाटेतलं एकेक झाड सांगत राहिली.