दोन पिशव्या

सोमवारी सकाळी दहाला उपाशीपोटी यायचं, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा सत्यशीलाला खूप काही विचारायचं होतं. एकतीस वर्षांची बाई. गर्भपिशवी काढून टाकली की लघवीची आग कायमची जाईल, एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ती आणि तिचा नवरा बिभीषण पाथर्डीकडचे. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला सोनईच्या बाजूला आलेले. तळावर पाचटाच्या वीसेक कोप्या, म्हणजे झोपड्या, आणि एक हातपंप. संडास नाही. बायका पहाटेच उरकून येत. दिवसभर फडात गडीमाणसांच्या देखत जायचं कुठं, म्हणून पाणीच पीत नसत. सत्यशीलाला वर्षभरात पाचव्यांदा आग सुटली होती. दर वेळी कुठल्या तरी दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की कोयता हातात घ्यायचा, आणि महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तेच. या खेपेला लघवी लाल झाली, तशी ती हबकली.

शनिवारी ती उसाची मोळी बांधत होती. शेजारच्या कोपीतली कडूबाई जवळ आली.

"सोमवारी हाय ना तुझं आपरेशन?"

सत्यशीलानं मान हलवली.

कडूबाईनं आवाज खाली घेतला. "माझी पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली. अजून चाळिशी न्हाई गाठली, पर कंबर बघ माझी, उठता येईना. आन् आग? ती गेलीच न्हाई बाय. गेल्या महिन्यात बी झाली. कुनाला सांगत न्हाई मी."

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं बिभीषणला सांगितलं.

"डाक्टरला आपल्यापरीस जास्त कळतं," तो म्हणाला.

"मग कडूबाईची आग का गेली न्हाई?"

तो चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिला. तोही घाबरलेला होता, हे तिला दिसत होतं.

सोमवारी उपाशीपोटीच दोघं रस्त्यावर आली. टेम्पो थांबला. त्या दवाखान्याच्या गावाचं नाव बिभीषणच्या ओठावर होतं, तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "नेवासा. तिथं बाईडॉक्टर हाय म्हनं. येकदा दाखवू, मग तुमी म्हनाल तिथं येते." बोलून गेली खरी, पण टेम्पोत बसल्यावर तिच्या मनात शंका आली. तो डॉक्टर खरा असला आणि आपण उशीर केला, तर?

नेवाशाच्या आरती डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, सोनोग्राफी केली. मग कागदावर दोन गोल काढले.

"सत्यशीलाताई, ही लघवीची पिशवी आणि ही गर्भाची. जंतू झालेत या लघवीच्या पिशवीत. काढायला सांगितली, ती ही दुसरी, गर्भाची. ती तर अगदी चांगली आहे."

सत्यशीला त्या दोन गोलांकडे बघत राहिली. घड्याळात साडेदहा वाजले होते. या वेळेला ती ऑपरेशनच्या टेबलावर असती.

लघवी आणि रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट तीन दिवसांनी येणार होता. ते तीन दिवस ती थंडीतापानं कोपीत पडून होती आणि किडनी गेली असेल, याच विचारानं तिचा जीव अर्धा झाला होता. किडनी शाबूत निघाली. पण नेहमीच्या गोळ्या त्या जंतूंना आता लागू पडत नव्हत्या. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं, ताप उतरला. मग त्यांनी एक बाटली पुढं ठेवली.

"आता तीन महिने रोज एक कॅप्सूल. यात चांगले जंतू आहेत."

"जंतू?" सत्यशीलानं हात मागं घेतला. "जंतूंनीच तर माझं हे केलं, डॉक्टरबाई."

"हे दह्यातल्यासारखे. औषधांनी वाईटांबरोबर अंगातले चांगलेही मरतात, मग मोकळ्या जागेत वाईट पुन्हा घुसतात. ती जागा यांनी धरावी म्हणून हे द्यायचे."

"मंग परत न्हाई ना व्हनार?"

"तशी खात्री मी देणार नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही. पाणी भरपूर प्या, लघवी रोखू नका, आणि आग झाली तर अंगावर काढू नका."

पहिली कॅप्सूल तिनं कितीतरी वेळ तळहातावर धरून ठेवली. आत काही वळवळतंय, असंच तिला वाटत होतं. शेवटी डोळे मिटून गिळली. बाटलीला ऊन लागू नये म्हणून ती हंड्याच्या आडोशाला ठेवली. बिभीषणनं फडाच्या कडेला चार बांबू रोवून जुन्या लुगड्याचा आडोसा केला. मुकादम कुरकुरला, पण दुसऱ्या दिवसापासून बायका तिथं रांगेनं जाऊ लागल्या.

सातव्या आठवड्यात एका दुपारी लघवीला जाताना बारीकशी कळ आली. कोयता तिथंच टाकून सत्यशीला एकटीच नेवाशाला गेली.

"आज काही जंतू दिसत नाहीत," डॉक्टर तिथल्या तिथं केलेल्या तपासणीचा रिपोर्ट बघून म्हणाल्या.

"नीट बघा."

"दोनदा बघितलं."

हंगाम संपेपर्यंत पुन्हा ताप आला नाही. कॅप्सूलनं की पाण्यानं, तिला कळलं नाही आणि डॉक्टरांनीही छातीठोक सांगितलं नाही. गावी परतल्यावरही लघवीला बसताना तिचे दात आवळलेलेच असत, आणि आग झाली नाही की तेवढ्यापुरता श्वास मोकळा होई.