उपाशी तारीख

मुख्याध्यापिकेने भिंतीवरची चौकट खिळ्यावरून उतरवली, काचेवर फुंकर मारली, बाहीने पुसली आणि पाहुण्याच्या हातात ठेवली.

"कात्रण पिवळं पडेल म्हणाला दुकानवाला, म्हणून मागे वेगळा कागद लावून घेतलाय," ती म्हणाली. "वाचा ना."

वाचायची काही गरज नव्हती. पाहुणा त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक होता आणि त्या ओळी त्यानेच लिहिल्या होत्या. पण तीन जिने चढून दम लागला होता, आणि मान खाली घालायला काहीतरी निमित्त हवंच होतं, म्हणून त्याने वाचल्या.

'संगणकाच्या इतिहासात आज : २१ ऑगस्ट. पन्नास वर्षांपूर्वी याच दिवशी हवामान खात्याच्या संगणक केंद्रात पहाटपाळीच्या एका ऑपरेटर बाईंनी नुसत्या आवाजावरून टेप अडकत असल्याचं ओळखलं, यंत्र वेळीच थांबवलं आणि समुद्रात उठलेल्या वादळाचं सगळं गणित वाचवलं. किनाऱ्यावरची गावं वेळेत रिकामी झाली. बाईंचं नाव नोंदीत नाही.'

खाली, कागदाच्या कडेला, निळ्या शाईने आणि शाळेच्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात लिहिलं होतं : माझी आई.

ती आई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. ऐंशीला टेकलेली, पायांवर शाल, केस बारीक कापलेले. विणकामात सुटलेला टाका शोधावा तशी ती पाहुण्याकडे बघत होती, तो आल्यापासून.

"मी सहा वर्षांची असताना ही पहाटे पाचला घर सोडायची," मुख्याध्यापिका म्हणाली. "मी उठायचे तेव्हा मावशी. वेणी घालणार मावशी, डबा भरणार मावशी. शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते, तेव्हा टाळ्या वाजवायलासुद्धा मावशीच."

"झाड चांगलं झालं होतं म्हणे," आई म्हणाली.

"म्हणे! ऐका." मुख्याध्यापिका हसली, पण डोळे भरून आले होते. ते लपवावे असं तिला वाटलं नाही. "इतकी वर्षं मी हिच्याशी कामापुरतं बोलले, सर. ही शहराच्या त्या टोकाला एकटी, मी या टोकाला. महिन्यातून एक फोन, तोही घड्याळ बघत. आणि मग गेल्या वर्षी शाळेत पेपर चाळताना हे दिसलं. केंद्र तेच, वर्षं तीच, पहाटपाळीला बाई म्हणजे ही नाहीतर हिची एक मैत्रीण. ती बिचारी तर गेलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेले आणि हिला इथे घेऊन आले. ही गावंच्या गावं वाचवत होती, आणि मी पन्नास वर्षं त्या झाडाचं धरून बसले होते."

चौकट खिळ्याला परत अडकवून ती चहा टाकायला आत गेली.

उपसंपादक दमला होता, आणि नुसता जिन्यांनी नाही. बावीस वर्षं तो पान सातवर बसून होता. डाव्या बाजूला तंत्रज्ञानाच्या ताज्या बातम्या असत : कोणता फोन आला, कोणी कोणाची कंपनी गिळली, कोणाच्या गाड्या आपोआप चालल्या आणि आपोआप आदळल्या. उजव्या बाजूला हे चार ओळींचं सदर. डावी बाजू आता यंत्रच लिहायचं. त्याला ना सुट्टी लागत होती ना चष्मा. उजवी बाजू मात्र त्याच्याकडे राहिली होती, कारण त्याच्या टेबलावर तीनशे सहासष्ट चिठ्ठ्यांचा एक लाकडी डबा होता, दर तारखेची एक चिठ्ठी. दर वर्षी त्याच चिठ्ठ्या थोड्या शब्दांच्या फरकाने फिरत. वाचकांना कळत नसे, किंवा कळलं तरी त्यांची हरकत नसे.

काही तारखांना इतिहासात काही घडलेलंच नसतं. त्यांना तो उपाशी तारखा म्हणे. अशा दिवशी कोणा शास्त्रज्ञाचा जन्म शोधायचा, नाहीच मिळाला तर मृत्यू, तेही नाही तर एखादी कंपनी कुठल्याशा गॅरेजात सुरू झालेली असतेच. नऊ वर्षांपूर्वीच्या २१ ऑगस्टला यांतलं काहीच सापडलं नव्हतं. पान संध्याकाळी सहा वाजता छपाईला सुटायचं होतं, साडेपाच झाले होते, आणि त्याला अंगात कणकण होती. त्याने चार ओळी लिहून काढल्या. लिहिताना मजा आली असती तर एक वेळ समजण्यासारखं होतं. पण मजासुद्धा आली नव्हती. शेवटचं वाक्य त्याने टाकलं ते फक्त कोणी नाव विचारू नये म्हणून.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. याच्या खोट्याला तो गोटा लागेना. दोन मासिकांनी ती घटना उचलली, एका पाठ्यपुस्तकात चौकटीत आली. गेल्या आठवड्यात संपादकाने ऑफिसातल्या यंत्रालाच तिच्याबद्दल विचारलं, तर त्याने आणखी सहा ओळी आपल्या पदरच्या घातल्या. बाईंना पदक मिळालं होतं म्हणे.

आणि आता मुख्याध्यापिकेची तीन पत्रं. पुढच्या महिन्यापासून सदरही यंत्राकडे जाणार होतं. संपादक, जो वयाने त्याच्या मुलासारखा होता, पत्रं वाचून खूश झाला. "काका, तुमचा शेवटचा लेख हाच. बाईंचं नाव, फोटो, मुलाखत. शेवट गोड." बावीस वर्षांत त्या सदराला एकही दुरुस्ती छापावी लागली नव्हती. उपसंपादकाकडे अभिमान वाटावा असं दुसरं फारसं काही नव्हतं. नाव घ्यायचं, फोटो काढायचा आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून तो आला होता.

"टेप कुठून आणलीत हो?" आईने विचारलं.

त्याने मान वर केली.

"आमच्याकडे टेप नव्हती. टेपची मशिनं आली तेव्हा मी नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. आम्ही कार्डांवाल्या." आवाज बारीक होता, पण त्यात राग नव्हता. "ज्याने कोणी लिहिलंय तो आमच्या खोलीत कधी पाऊल टाकून गेलेला नाही. तुम्हीच ना?"

"मीच," तो म्हणाला. दुसरं काही म्हणायला त्याच्यात त्राण नव्हतं.

आतून कपबशांचा आवाज आला. आई थोडी पुढे झुकली.

"मी तिला दोनदा सांगितलं. म्हणते, आई, तुझी ही जुनी खोड, स्वतःला कमी लेखायची. मग मी गप्प बसले. म्हणजे, खोटं कशाला बोलू, मला गप्प बसणं बरं वाटलं. रोज संध्याकाळी ती माझ्याशेजारी बसते. पायाला तेल लावून देते. एवढं माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं."

"मी दुरुस्ती छापतो," उपसंपादक हळू आवाजात म्हणाला. "किंवा काहीच छापत नाही. चिठ्ठी काढून टाकतो. कोणाला कळणारही नाही."

"मला कळतंय ना. ती तेल लावते ते कोणा दुसरीच्याच पायाला." तिने शाल वर ओढली. "माझ्या दोन बॅगा मी अजून उघडल्या नाहीत. तिने परत नेऊन सोडलं तर सोडलं. तुम्ही सांगा तिला. माझं ती ऐकत नाही, आणि पेपरातून कळलेलं मला नकोय."

तेवढ्यात मुख्याध्यापिका ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चहाच्या कपांशेजारी एक घडी घातलेला कागद होता.

"आईचं पूर्ण नाव लिहून ठेवलंय," ती म्हणाली. "पेपरात नावं हमखास चुकतात. आणि फोटो इथे काढायचा की खिडकीत? उजेड तिकडे बरा आहे."

उपसंपादकाने कागद घेतला. उघडला नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांची वाक्यं छोटी केली होती. आपलं छोटं करायला त्याला फार वेळ लागला.

"मॅडम, हे छापता येणार नाही."

"का? पुरावा हवाय का? नेमणुकीचं पत्र आहे तिचं, ओळखपत्र आहे..."

"पुरावा नकोय. ते घडलंच नाही. त्या तारखेला मला काही सापडलं नाही, म्हणून मी ते बनवलं."

ती आधी आईकडे बघून हसली. "हिने सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?"

"नाही. मीच बनवलं. माझ्या टेबलावर बसून, साडेपाच वाजता."

तिने ट्रे खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"आणि वादळ?"

"वादळ दर वर्षी कुठेतरी येतंच. त्या दिवसाचं मला माहीत नाही."

"ती गावं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"बाराशे मुलांसमोर सांगितलंय मी हे," मुख्याध्यापिका म्हणाली. तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला, आणि तो खाली आलेला जास्त बोचला. "सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. मावशीला अंथरुणाशी बसून वाचून दाखवलं, ती जायच्या आदल्या आठवड्यात. तुम्हाला काहीच वाटलं नाही लिहिताना?"

"नाही वाटलं," तो म्हणाला. "सुटलो, एवढंच वाटलं. आज वाटतंय."

"आज वाटून काय उपयोग!"

"अगं, ओरडू नकोस त्यांच्यावर," आई म्हणाली. "दमलेत ते. त्यांनी निदान सांगितलं तरी."

"तू बोलू नकोस. तुला माहीत होतं!"

"दोनदा सांगितलं मी तुला."

मुख्याध्यापिका खुर्चीत बसली. भिंतीवरची चौकट नेमकी तिच्यासमोर होती, म्हणून तिने खुर्ची वळवून घेतली. उपसंपादकाला उठून जावंसं वाटलं. पण दार तिच्या पाठीशी होतं, आणि तिला ओलांडून जाण्याइतका तो कोडगा नव्हता. कोणी चहाला हात लावला नाही.

"मग तू करायचीस काय तिथे?" ती शेवटी म्हणाली. "रोज पहाटे उठून?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न आईला कोणी विचारला नव्हता, मुलाखत घ्यायला आलेल्या माणसानेही नाही.

"तपासायचे," ती म्हणाली. "रात्रभरात ठिकठिकाणचे आकडे यायचे, तापमान, वारा, पाऊस. माझी मैत्रीण ते बघून कार्डांना भोकं पाडायची. मग तीच कार्डं माझ्याकडे. मी तेच आकडे परत पहिल्यापासून बडवायचे, दुसऱ्या मशिनवर. तिचं आणि माझं जुळलं की कार्डाच्या कडेला एक खाच पडायची. नाही जुळलं की लाल दिवा."

"म्हणजे झालेलंच काम परत करायचं."

"हो. झालेलंच परत."

"किती वेळा लागायचा दिवा?"

"एखाद्या वेळेस. ती फार नीट काम करायची. आठ-आठ दिवस लागायचा नाही."

"आणि एवढ्यासाठी तू..." मुख्याध्यापिकेने वाक्य अर्धवट सोडलं. "सोडता आली असती नोकरी. बाबांचा पगार होता."

"आली असती." आई आता उपसंपादकाकडे बघत नव्हती, खिडकीबाहेरही नाही. "बाबा सोड म्हणायचेही. पण मला तिथे आवडायचं. खोली थंडगार, कोणी हाक मारणारं नाही, आणि हातातलं काम बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळायचं. घरात काय कळतं? घरी कोणी रडलं की ते आपल्यामुळे का, हेही कळत नाही. पाळी संपली की मी पाच-दहा मिनिटं उगाच बसून राहायचे. तू घरी आहेस हे माहीत असून. हे तुला कधी सांगणार नव्हते मी."

खाली कोणीतरी जिन्याचा दरवाजा आपटला. उपसंपादकाने हातातला घडीचा कागद ट्रेमध्ये, कोरड्या जागी ठेवला.

मुख्याध्यापिका आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. बोटांना खडूचा पांढरा थर होता. रविवार होता, तरी सकाळी शाळेत चक्कर मारून आली होती ती.

"मला सात-साडेसात होतात शाळेतून निघायला," ती म्हणाली. "काम चारलाच संपलेलं असतं. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा उठते मी."

"माहीत आहे," आई म्हणाली. "हल्ली वाट मी बघते."