पहिला फोटो

अनुसयेचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि भाच्यावर तर मुळीच नाही.

गणेशगुडीत तिचं चार खोल्यांचं होमस्टे. राफ्टिंगचा हंगाम भरात असून तीन शनिवार खोल्या रिकाम्या गेल्या. फोन करणारे म्हणत, "तुमची साइट उघडतच नाही हो," आणि शेजारच्या लॉजवर जात. साइट बनवणारा भाचा अनिकेत बेळगावहून आला तो नवंच खूळ घेऊन. म्हणे, सीडीएन घ्यायचं.

"म्हंजे काय?"

"आपल्या फोटोंच्या नकला गावोगावच्या मशीनींत ठेवायच्या, आत्या. गिऱ्हाईक जिथलं, तिथनंच त्याला लवकर मिळतात."

अनुसयेच्या कपाळावर आठी चढली. हा बोलताना खाली का बघतोय? लॉजवाल्यानं फितवलं की काय याला? की कमिशन खातोय?

"साइट आत्ता कुठं हाय?"

"मुंबईत."

"आणि आपलं गिऱ्हाईक?"

"बेळगाव, हुबळी, गोवा."

"मग दिल्ली-कलकत्त्याच्या मशीनी काय चाटायच्या हायत? खरं सांग, पाणी कुठं मुरतंय?"

उत्तराची वाट न बघता तिनंच फोन काढला. रोज संध्याकाळी अंगणातल्या फणसाखाली, जिथं रेंज येते तिथं बसून ती साइट उघडायची. लक्ष ठेवायला, असं म्हणायची. आजही आधी अक्षरं आली आणि पुढं सगळं अडलं. मग वरून हळूहळू टोपी आली, कपाळ आलं, डोळे आले. तिचा नवरा दत्तात्रय, दोन वर्षांमागं गेलेला. लग्नाच्या बॅनरवर गेलेल्या वडीलधाऱ्याचा फोटो सगळ्यांच्या वर लावतात, तसा तिनं तो लावून घेतला होता. त्याची मिशी येईस्तोवर खोल्या, नदी, जेवण, सगळं खोळंबलं होतं.

"ह्योच अडवतोय?"

"व्हय. बाकी सगळ्या फोटोंपेक्षा ह्या एकाचं वजन जास्त हाय. कॅमेऱ्यातनं आला तसाच ठेवलाय."

"मग कमी का न्हाई केलंस?"

"तूच म्हणालीस, आत्या. मामांच्या फोटोला हात लावायचा न्हाई."

अनुसयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगं बिचारं तिचा शब्द मोडायला घाबरून आडवाटेनं चाललं होतं, आणि ती त्याला चोर ठरवून बसली होती.

"लहान केल्यावर चेहरा दिसंल न्हवं?"

"फोनवर फरकबी कळायचा न्हाई."

"कर मग. ते सीडीएन नको."

दहा मिनिटांत झालं. साइट उघडली तसा दत्तात्रय एकदम सगळाच समोर आला, पाठोपाठ खोल्या आणि नदी. अनिकेत खुशीत हसला.

अनुसयेनं पदर तोंडाला लावला. रोज संध्याकाळी तो थांबत थांबत यायचा, आणि ती त्याची वाट बघत बसायची.