कुंडलिकतात्यांचा अंगठा

ऋषीच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिसला की घरातली निम्मी माणसं अंगणात जाऊन बसत. पुण्याच्या कंपनीचं काम तो बेल्हे गावाजवळच्या घरातूनच करी, पण जीव अडकलेला असे तो कुरिअरनं येणाऱ्या चिमुकल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांत. जगाच्या पाठीवर कुणीतरी इंटरनेटवर आराखडा फुकट वाटायचा, ऋषी तो उतरवून घ्यायचा आणि त्याला स्वतःचं एक शेपूट जोडायचा. उजेड पडला की आपोआप उघडणारं कोंबड्यांचं दार त्यानं केलं. एक वरात लाइटांसकट घरावरून गेली, दार उघडलं आणि कोंबड्या सरळ वरातीत घुसल्या. दोघी तर नवरीच्या गाडीतून आळेफाट्यापर्यंत गेल्या आणि सासरी पहिलं अंडं त्यांनीच दिलं, असं म्हणतात.

अशा माणसाकडून यात्रा कमिटीनं बैलगाडा शर्यतीचं घड्याळ करून घेतलं. गळ घातली दादाभाऊंनी, म्हणजे ऋषीच्या सख्ख्या मामांनी. घाटाच्या, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या, खाली एक लेसर, वर एक. गाड्यानं खालचा किरण तोडला की वेळ सुरू, वरचा तोडला की बंद. उन्हानं सेन्सर दिपू नये म्हणून त्यावर पाइपाचा तुकडा. ऋषीनं घाटात चाळीसदा मोटारसायकल पळवून बघितली. एकदाही चूक नाही.

अडचण एकच. वरच्या टोकाच्या खुर्चीत गेली तीस वर्षं कुंडलिकतात्या बसत, हातात स्टॉपवॉच घेऊन. तात्यांनी एकदा शिंक यायला लागल्यापासून येऊन जाईपर्यंत दोन गाड्यांची वेळ घेतली होती, असं लोक छातीठोक सांगत. आणि ऋषीला आयुष्यात पहिलं घड्याळ उघडायला दिलं ते ह्याच तात्यांनी. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. "खोल," म्हणाले होते, "बिघडलं तर बिघडलं."

सकाळच्या बाऱ्यांची, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्यांची, वेळ तात्यांनीच घेतली. फायनलला दोन गाडे उरले, तेव्हा कमिटीतला एकजण म्हणाला, "तात्या, आता सावलीत बसा जरा. फायनल मशीनवर."

तात्यांनी खुर्चीवरचा टॉवेल उचलला, त्याची घडी केली आणि ते जवळच्या लिंबाखाली जाऊन बसले. ऋषीनं त्या खुर्चीवर लॅपटॉप ठेवला.

पहिला गाडा कुशाबाचा. पश्चिमेच्या डोंगरातून आलेला हडकुळा माणूस, बैलही त्याच्यासारखेच. उभे असताना वाटावं, वाऱ्यानं पडतील. सुटले तेव्हा मात्र धुराळा मागं राहिला, आणि तो वर पोचेपर्यंत बैलांनी पाणी पिऊन घेतलं. मशीन म्हणालं, अकरा पूर्णांक ब्याऐंशी.

लिंबाखालून तात्यांनी हातातलं घड्याळ बघून मान हलवली. "बरोबर हाय."

मग दादाभाऊंचा गाडा आला. गाड्यापुढं घोडी पळवायची इकडची रीत. तिला बघून बैलांना चेव येतो. कुशाबाकडे घोडी नव्हती. मामांची घोडी अशी, की तिची सावली तिच्यामागून धापा टाकत यायची. गाडा सुटला, घाट दणाणला. मशीन म्हणालं, अकरा पूर्णांक एकसष्ट.

गुलाल उडाला. तेवढ्यात तात्या उठून पुढं आले. "न्हाई राव. बारा चाळीस व्हतं. पाऊण सेकंद कुटं गेला?"

"तात्या, अंगठ्याला वात आला व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"डुलकी लागली आसंल बाबाला!"

सगळे हसले. ऋषीही हसला. मामांचा हात त्याच्या खांद्यावर होता, कपाळभर गुलाल होता, आणि हसू आपसूकच बाहेर पडलं. तात्यांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि घड्याळ खिशात घातलं.

ते पाहणं ऋषीला टोचलं. अंगठा म्हातारा झाला असेल तर कुशाबाच्या वेळेला बरोबर कसा? त्यानं लॅपटॉपवर नोंद उघडली. कुशाबाच्या बारीला वरचा किरण एकदाच तुटला होता. मामांच्या बारीला दोनदा, पाऊण सेकंदाच्या अंतरानं. पहिल्यांदा कुणी तोडला?

घोडीनं.

सुटताना घोडी खालच्या किरणाच्या पुढंच उभी असते, म्हणून वेळ सुरू केली बैलांनी आणि बंद केली घोडीनं. मोटारसायकलीपुढं घोडी कुठली पळायला? बापाच्या खांद्यावर बसून यात्रा बघितलेला हा गडी, यात्रेतली घोडीच विसरला होता. त्याच्या कानाची पाळी तापली. समोर मामा ढाल घेऊन फोटोला उभे होते. "भाच्या, ये की!"

आणि ऋषी गेला. फोटो काढून घेतला. त्यातही हसला.

घाटाखाली कुशाबा टेम्पोत बैल चढवत होता. मागची फळी लागली तसा ऋषी वळला. त्यानं निवेदकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"ऐका... मशीन बरोबर हाय, मी चुकलो. ते घोडीची वेळ दाखवतंय. पहिला नंबर कुशाबाचा. तात्यांचं घड्याळ खरं व्हतं."

 घाटावर असा हशा उठला की ओतूरच्या स्टँडवरची एसटी पाच मिनिटं आधी सुटली म्हणे. मामांनी ढाल जमिनीवर आपटली आणि ते ऋषीकडे न बघता निघून गेले. कुशाबानं फळी काढली, गुलाल आधी बैलांना लावला आणि मग स्वतःला लावून घेतला.

ऋषी तात्यांपुढं जाऊन उभा राहिला. "तात्या, चुकलं माझं. घोडी ध्यानातच आली न्हाई. आज दुरुस्त करतो."

"मशीन व्हईल रं दुरुस्त," तात्या म्हणाले. "बिघडलं म्हून मी कधी तुला बोललो का? तू हसलास का, ते सांग."

ऋषीनं खुर्चीवरचा लॅपटॉप उचलला.

घरी जाऊन त्यानं घड्याळाच्या आराखड्याच्या इंटरनेटवरच्या पानावर, जगभरातल्या अनोळखी लोकांसाठी, चूक लिहून टाकली. दोन ओळींत काम झालं. कुणीतरी परदेशातून अंगठाही दाखवला. ऋषीनं तो अंगठा बघितला आणि लॅपटॉप मिटला. कपाळाचा गुलाल साबणानं तीनदा धुतला, तरी भुवयांत राहिलाच. तसाच तो तात्यांच्या घराकडे निघाला. का हसलो, ते काय सांगायचं, हे दारापर्यंत पोचला तरी सापडलं नव्हतं. त्यानं कडी वाजवली.