नळकोंडाळ्यावरची फक्की

"बनुबाई, भायेर ये गो! फक्की मारली! गेली आपली जागा!"

कमळाबाईचा आवाज एरवीही भिंत ओलांडून येतो. आज तर तिने दारच बडवले. मी चहा खाली उतरवला आणि तशीच चाळीच्या मागे गेले.

आमच्या बिरवाडीच्या चाळीमागे, नाल्याच्या अलीकडे, एक मोकळा तुकडा आहे. तो कुणाच्याच नावावर नसावा. पूर्वी तिथे नळकोंडाळे होते. घराघरांत नळ आले तशी तिथली तोटी गंजली, पाइप कुणीतरी उपटून नेला आणि मागे राहिले धुण्याचे दोन दगड. एक माझा, एक सुंदराबाईचा. त्या सकाळी तिथे चुन्याच्या भुकटीच्या पांढऱ्या रेषा होत्या. दोरी लावून, सरळ मारलेल्या.

आमच्याकडे फक्की दिसली की जागा गेलीच समजायची. कंपन्या आल्या त्या फक्कीमागून, चौपदरी रस्ता आला तोही फक्कीमागूनच. रावजीची चहाची टपरी त्या रस्त्यात गेली, म्हणून तो सर्वांत पुढे उभा होता.

"आधी फक्की, मग सायेब, मग जेसीबी," तो म्हणाला. "मी बघितलंय सगळं."

"येऊं दे जेसीबी! मी आडवी पडन हितं!" कमळाबाई गरजली.

"तू पडलीस तर तुला उचलायला दुसरा जेसीबी आणावा लागंल."

बायका हसल्या, पण जागेवरून हलल्या नाहीत. कमळाबाईने खराटा आणून मधली रेषा पुसायला घेतली. मी माझ्या दगडावर जाऊन बसले. काढायचे असेल तर आधी मला काढा, असे मनाशी ठरवून.

लग्न करून कुडपणहून मी इथे आले तेव्हा मला या चाळीत कुणी ओळखत नव्हते. नळाच्या रांगेत सुंदराबाईने माझी कळशी आपल्या पुढे सरकवली, तिथून आमची ओळख. नवऱ्याच्या कंपनीच्या कपड्यांना न जाणारा वास यायचा. ते आपटता आपटता आम्ही सासवांची नक्कल करायचो. बालवाडीत मदतनीस म्हणून मला तिनेच लावले. ती जाऊन आता दोन वर्षे झाली. तिचा दगड मात्र माझ्या शेजारीच होता, पावसाळा सोडला तर कोरडा.

तेवढ्यात क्लासवरून सेजल आणि दीक्षा आल्या. दोघी आमच्याच चाळीतल्या; बालवाडीत माझ्याच मांडीवर रडलेल्या. मागे पाच-सहा मुली आणखी. सेजलच्या हातात दोरीचे भेंडोळे आणि दीक्षाकडे पत्र्याचा डबा.

"मधली लाइन कुणी पुसली?" सेजल ओरडली.

कमळाबाईच्या हातातला खराटा हवेतच राहिला.

"म्हंजे, ही तुम्ही मारलीत?"

"मग कोण? पहाटे उठून मारली आम्ही. रविवारी पोलादपूरला मॅच हाय कबड्डीची. शाळेच्या मैदानावर पोरं क्रिकेट सोडत नाय. प्रॅक्टिस करायची कुठं?"

मग रावजीच आधी हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि मग सगळी चाळ हसत सुटली. कमळाबाई तेवढी घुश्शात.

"माझा जीव गेला असता गो, मेल्यांनो! विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिली असती का जागा?" दीक्षा म्हणाली. यावर कमळाबाईने खराटा तिच्याच हातात दिला.

मुलींनी रेषा पुन्हा आखली आणि सगळे अडचणीशी येऊन थांबले. दोन्ही दगड मैदानाच्या एका टोकाला, रेषेच्या आत येत होते.

"बनुआजी," सेजल हळूच म्हणाली, "हे दगड जरा…"

"दगड हलायचे नाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच कडक वाटला.

"राहू दे," दीक्षा म्हणाली. "सांभाळून खेळू."

खेळ सुरू झाला. दम कोंडून "कबड्डी, कबड्डी" करत दीक्षा माझ्या बाजूला चढाईला आली. एकीला तिने हात लावला, वळली, आणि तिघींनी तिला कोपऱ्यात घेरले. सुंदराबाईच्या दगडाला पाय देऊन तिला उडी मारता आली असती. तसा तिने पाय उचललाही होता. तो तिने मधेच मागे घेतला आणि ती पकडली गेली.

"उडी का नाय मारलीस गो?" सेजल चिडली. "सुटली असतीस की!"

"सुंदराआजीचा दगड हाय तो," गुडघ्याची माती झटकत दीक्षा म्हणाली. "पाय कसा देऊ?"

मी उठले. कुडपणला आम्हीही हुतूतू खेळायचो. एके दिवशी आईने सांगितले, आता पुरे, मोठी झालीस. मी पुन्हा कधी धावले नाही.

"रावजी," मी म्हणाले, "तुझी पहार आण."

"नक्की?"

"आण रे. माझं मन बदलायच्या आत."

रावजीने पहार घातली आणि मुलींनी जोर लावला. कमळाबाई नुसतीच "हय्या, हय्या" ओरडत होती, पण सर्वांत जास्त दमली तीच. दोन्ही दगड रेषेबाहेर आले, शेजारी शेजारीच.

"औट झालेल्यांना बसायला मस्त झालं," सेजल म्हणाली.

दुपार कलली तरी चाळ घरात गेली नव्हती. रावजी पंच झाला होता आणि कमळाबाई त्याच्या प्रत्येक निकालावर भांडत होती. मी माझ्या दगडावर बसले होते. दीक्षा बाद होऊन आली आणि शेजारी उभीच राहिली.

"बस गो," मी म्हणाले. "तिला आवडलं असतं."

ती धापा टाकत बसली. हनुवटीवरून घाम गळत होता. तेवढ्यात सेजलने समोरचा एक गडी बाद केला आणि ओरडली, "दीक्षा, उठ! जिवंत झालीस!"

दीक्षा धावत मैदानात गेली. मी सुंदराबाईच्या दगडावर हात ठेवला. तो ओला झाला होता.