बुडावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना बीकर आहे, प्रयोगशाळेतलं चोचीचं काचेचं भांडं. चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचं माझं वय झालंय खरं. पण पोटात राग आहे, आणि आधी तोच बाहेर येणार.

गेवराईकडच्या एका गावात, दूध सोसायटीत, मी दुधाचे नमुने तपासायच्या कामात होतो. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं. मग चेअरमन विठ्ठलरावांनी मला त्यांच्याच संस्थेच्या शाळेला दान केलं. एका बीकरासाठी हार, नारळ, फेटा! आमच्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालायची चाल. माझ्या बाजूला मापाच्या रेघा, म्हणून पेंटरनं लाल रंगात बुडावर लिहिलं, ‘विठ्ठलराव’. वा रे दाता! नाव मोठं, लक्षण खोटं.

रसायनशास्त्राला कौशल्या मॅडम होत्या, कायम नव्हे, तासांच्या हिशेबानं नेमलेल्या. बारावीचं प्रात्यक्षिक आठवड्यावर आलेलं, आणि धड बीकर मी एकटाच. प्रयोग सोपा. कागदावर फुली काढायची, वर बीकर ठेवायचा, आतल्या थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल ओतायचं. द्रावण गढूळ होतं, फुली दिसेनाशी होते. किती सेकंद लागले, त्यावरून क्रियेचा वेग. पण माझ्या बुडावर चेअरमन पसरलेले! फुली दिसणार कुठून?

मेंढपाळाची मुक्ता वाकून म्हणाली, "मॅडम, फुली कावून पायजे? नावच बघू की."

मॅडम खळखळून हसल्या. गार द्रावणात नाव दीड मिनिटानं दिसेनासं झालं, कोमट केल्यावर अर्ध्या मिनिटात. ऊब वाढली की वेग वाढतो, हे मागच्या बाकालाही कळलं. मग टँकरच्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन मॅडम आणि मुक्ता तांब्यातांब्यानं पाणी एकमेकींच्या बादलीत टाकत राहिल्या.

"पातळी हलत नाही बघा," मॅडम म्हणाल्या, "पण हात थांबलेत का? हाच रासायनिक समतोल."

थेंबसुद्धा सांडला नाही. असं शिकवणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरं ओरडली, "नाव गेलं! एकतीस सेकंद!" नेमके दारात विठ्ठलराव.

"कुणाचं नाव गेलं बे?"

"तुमचंच, सायेब," मुक्तानं भाबडेपणानं सांगितलं. "ऊन केलं की लई लवकर जातं."

झालं! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नावाचा खेळ मांडलाय व्हय? पुसा ते आत्ताच्या आत्ता! आन् उद्यापासून ह्या बाई नकोत."

प्राचार्य आप्पारावांनी लगेच रॉकेल मागवलं. रॉकेलचा बोळा घेऊन त्यांनी मला तिथंच घासलं. मी लख्ख झालो, आणि मला माझीच लाज वाटली. मॅडमनी डबा उचलला. "वेळ नीट मोज गं," एवढंच मुक्ताला म्हणाल्या.

प्रात्यक्षिकात फुली स्वच्छ दिसली. बाहेरच्या परीक्षकांनी मुक्ताला विचारलं, "समतोलात क्रिया थांबते का?"

"न्हाई सर. दोनीकडून चालूच असती." तिनं आप्पारावांकडं पाहिलं. "एकाच बाजूनं चालली, तर त्याला समतोल म्हणत न्हाईत." आप्पाराव खिडकीबाहेर बघू लागले.

तिला पैकीच्या पैकी मिळाले. मॅडम मात्र आल्या नाहीत.

मित्रांनो, मला धुऊन पालथा ठेवा, आपटू नका, हे कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. माझ्या बुडावर आता जागा मोकळी आहे. तिथं मॅडमचंही नाव लिहू नका. त्यांना परत बोलवा.